बाबांना 'वाई' म्हणता येत नाही, पण स्वारगेटपासून सुरुवात केली की येतं

उंबरठा | ४ ऑगस्ट, रात्री ११:१०

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आज बाबा लवकर झोपले, म्हणून बसलोय.

बाबा ७१ वर्षांचे. एसटीत ३४ वर्षं कंडक्टर होते, त्यातली निम्मी स्वारगेट-महाबळेश्वर गाडीवर गेली. मार्चमध्ये त्यांना स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजव्या हातात अजून जोर नाही, चालणं बऱ्यापैकी सुधारलंय. पण बोलणं गेलं. डॉक्टरांनी त्याला अफेजिया म्हटलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दवाखान्याच्या जिन्यात आईनं विचारलं, "अरे, त्यांना काही कळतंय का?" त्या वेळी सुचलं ते मी सांगून टाकलं. म्हटलं, "आई, हार्ड डिस्क शाबूत आहे. फक्त स्क्रीन गेलाय." तिला ते लगेच समजलं आणि धीरही आला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची. दोन महिने आमच्या घरात सगळे हीच भाषा बोलत होते.

मग एकेक गोष्टी दिसायला लागल्या.

एका संध्याकाळी आई दिवा लावून गणपतीची आरती म्हणत होती. बाबा खुर्चीत होते. दुसऱ्या ओळीपासून ते म्हणायला लागले, सुरात, शब्द स्वच्छ, अख्खं कडवं. आईच्या हातातली घंटा थांबली. आरती संपली आणि त्यांना पाणी हवं होतं, तर तांब्याकडे बोट दाखवलं. 'पाणी' काही आलं नाही. स्क्रीन गेला असेल तर मघाशी काय लागलं होतं?

नातवंडं किती, असं विचारलं तर 'तीन' येत नाही. बोटं धरून "एक, दोन, तीन" म्हणतात आणि तीनवर थांबून माझ्याकडे बघतात. वाराचंही तसंच. गुरुवार हवा असेल तर सोमवारपासून निघावं लागतं.

माझी आत्या वाईला असते. मेमध्ये तिचा फोन आला होता, तेव्हा मी सहज म्हटलं, "बाबा, आक्का कुठे असते सांगा बरं." त्यांनी खूप प्रयत्न केला. ओठ हलत होते, घाम आला. मग एकदम त्यांचा गाडीतला आवाज लागला: "स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ, खंडाळा, सुरूर, वाई." आणि वाईला टेबलावर थाप मारली.

त्या दिवशी मला वाटलं, ही हार्ड डिस्क नाही, कॅसेट आहे. हवं ते गाणं मधूनच काढता येत नाही, सुरुवातीपासून लावावी लागते. पण हेही टिकलं नाही. परवा चष्मा हवा होता तर "चमचा" म्हणाले. लगेच मान हलवली, चिडले, पुन्हा "चमचा" आलं, डोळ्यांत पाणी आलं. आपण चुकीचं दाखवतोय हे कुठल्या स्क्रीनला कळतं? कुठल्या कॅसेटला कळतं?

मला खरंच विचारायचंय. मन संगणकासारखं आहे ही उपमाच चुकीची आहे, की मी चुकीचा भाग उचलला? रोज त्यांच्याशी कसं बोलायचं हे माझं त्यावरच ठरतंय.

---

पारवा | ४ ऑगस्ट, रात्री ११:४८

वाचलं. घंटा थांबली ते डोळ्यांसमोर आलं. बाबांना लवकर बरं वाटू दे. विषयातलं मला कळत नाही, पण धागा वाचत राहणार आहे.

---

शब्दवेल | ५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

उंबरठा, मी १८ वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करतेय. तुम्ही जे टिपलंय ते फार नेमकं आहे. आधी कामाचं सांगते.

वार, आकडे, पाढे, आरत्या, देवाचं नाव, शिवी, "अरे देवा" असले उद्गार, हे बोलणं अफेजियात पुष्कळदा वाचतं. याला स्वयंचलित बोलणं म्हणतात. स्वतः जुळवून बोलायचं वाक्य वेगळ्या वाटेनं येतं आणि ती वाट तुटलेली असते. अठराव्या शतकात स्वीडनमध्ये अशा एका माणसाची नोंद झालीय, त्याला बोलता येत नव्हतं पण प्रार्थनागीतं म्हणता यायची. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका या डॉक्टरांकडे जो रुग्ण होता तो कशालाही "तान, तान" एवढंच म्हणायचा. तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू पाहिला, डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा होती. तुमच्या डॉक्टरांनी ब्रोकाचा भाग असं काही म्हटलं असेल तर ते नाव तिथून आलं.

आता 'हार्ड डिस्क शाबूत' बद्दल. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत हे किंवा असंच काही बोललं जातं. त्यातला अर्धा भाग खरा आणि फार मोलाचा आहे. बाबांची बुद्धी गेलेली नाही, ते तेच आहेत, त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल लहान मुलाबद्दल बोलल्यासारखं बोलू नये. पण दुसरा अर्धा त्रास देतो. घरचे समजतात, आत सगळं पोचतंय, म्हणून भराभर बोलतात, चौघं एकदम बोलतात, टीव्ही चालू ठेवतात. अफेजियात समजण्यालाही थोडाफार धक्का बसलेला असतो, लांब वाक्यात तो दिसतो. छोटी वाक्यं, एका वेळी एकानं, प्रश्न हो-नाहीत उत्तर येईल असा. आणि शब्द पटकन तोंडात देऊ नका. वीस सेकंद थांबा. वीस सेकंद किती मोठी असतात ते बसल्यावर कळेल.

'चमचा'चं सांगते. चष्मा आणि चमचा, ऐकायला किती जवळ आहेत बघा. तो शब्द कुठूनतरी चुकून आलेला नाही, शेजारच्या घरातून आलाय. मी अशा चुकीनं खूश होते, कारण शोध जवळपास पोचलाय हे त्यातून दिसतं.

गाण्याबद्दल एक सावधगिरी. १९७३ साली बॉस्टनमध्ये सुरांच्या आधारे बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली गेली. डाव्या हातानं ताल धरायचा, रोजची वाक्यं हेल काढून म्हणायची. मीही वापरते. पण २०११ मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी १७ रुग्णांवर बारकाईनं पाहिलं, तेव्हा सुरापेक्षा तालाचा आणि घोटलेल्या ओळींचा वाटा मोठा निघाला. त्यामुळे नुसतं गाऊन घेऊ नका. थांबे वापरा, तेच त्यांचं घोटलेलं आहे.

---

तिसरी_घंटा | ५ ऑगस्ट, दुपारी १:१५

मला ही उपमा मुळातूनच पटत नाही. ज्या काळात जे यंत्र नवलाचं, मन त्यासारखं. देकार्त या सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या काळात राजवाड्यांच्या बागांत पाण्याच्या दाबावर हलणाऱ्या पुतळ्या होत्या, म्हणून नसांतून काही द्रव वाहतो अशी कल्पना. तारायंत्र आलं, नसा तारा झाल्या. मग टेलिफोन एक्स्चेंज. आता संगणक. पन्नास वर्षांनी आणखी काही येईल आणि आपण याच्याकडे पुतळ्यांकडे बघतो तसं बघू.

---

कोरा_कागद | ५ ऑगस्ट, रात्री ९:०५

तिसरी_घंटा, हा मुद्दा मी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी ऐकायचो (संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झालो). यादी बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. हार्वेनं १६२८ साली रक्ताभिसरण मांडलं. हृदय पंप आहे हे आज कुणी उपमा म्हणून म्हणतं का? काही उपमा गळून पडतात, काही वर्णन होऊन बसतात. कुठली कुठे जाणार ते मोजल्यावर कळतं. नसा म्हणजे तारा, असं धरून हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८५० च्या सुमारास बेडकाच्या नसेतला वेग मोजला. तो सेकंदाला साधारण २७ मीटर निघाला, तारेतल्या विजेच्या मानानं काहीच नाही. उपमा तिथे मोडली, पण मोडली म्हणूनच नसेत वेगळं काही चालतं हे कळलं. तुमच्या पुतळ्यांनी तेवढंही काम केलं नाही, हा फरक आहे.

उंबरठा, आता तुमच्यासाठी. मला तुमची गोष्ट वाचून सारखं एकच वाटत राहिलं, उपमा उलटीकडून आलीय.

१९३६ साली ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञानं संगणकाचा पाया घालणारा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तेव्हा 'कंप्युटर' म्हणजे माणूस. आकडेमोड करण्याची नोकरी करणारा माणूस. ट्युरिंगनं तोच डोळ्यांसमोर आणला. पुढ्यात चौकटींचा कागद, हातात पेन्सिल, एका वेळी थोड्याच चौकटींवर नजर, काय दिसलं तर काय लिहायचं याचे ठरलेले नियम. त्या माणसातून बाकी सगळं वजा करत करत त्यानं यंत्राची कल्पना काढली. म्हणजे संगणक हे मनाच्या एका सवयीचं यंत्र आहे. सगळ्यात शिस्तीच्या, सगळ्यात अरुंद सवयीचं. चालत्या गाडीत टप्पे मोजून भाडं काढणारे, सुटे परत देणारे, रात्री डेपोत हिशेब जुळवणारे तुमचे बाबा त्या यंत्राचे पूर्वज आहेत. त्यांच्यासारख्यांच्या कामावरून ते बेतलं. आणि आपण त्यावरून त्यांना समजून घ्यायला निघालो.

'मेमरी' या शब्दाचंही असंच. १९४५ साली जॉन फॉन नॉयमननं नव्या यंत्राच्या रचनेचा अहवाल लिहिला, त्यात यंत्राच्या भागांना तो अवयव म्हणतो, मेंदूच्या पेशींशी त्यांची तुलना करतो आणि साठवणीच्या भागाला स्मृती म्हणतो. दोन वर्षांपूर्वी, १९४३ मध्ये, मॅककलक आणि पिट्स यांनी पेशींचं तर्कगणित मांडलं होतं, त्याचा आधार घेतो. माणसाकडून शब्द उसना नेला, त्यात आकडे ठेवायची कपाटं भरली, आणि आता शब्द परत आला तो कपाटासकट. तुम्ही आईला जिन्यात जे सांगितलंत त्यात घोटाळा त्या कपाटाचा आहे. डिस्कवर फाइल कुणी उघडो न उघडो, ती तशीच पडून असते. बाबांची 'वाई' तशी पडून आहे असं मला वाटत नाही.

फॉन नॉयमनला स्वतःला हे दिसत होतं. १९५७ मध्ये ५३ व्या वर्षी कर्करोगानं गेला, तेव्हा मेंदू आणि संगणक यांच्या तुलनेवरची त्याची व्याख्यानं अर्धवट लिहून राहिली होती, ती पुढच्या वर्षी छापली गेली. त्यात शेवटाकडे तो म्हणतो की मेंदूची भाषा ही आपल्या गणिताची भाषा नाही. यंत्र घडवणाऱ्यानं मरणाच्या दारात हे लिहावं, याचा माझ्यावर फार परिणाम झाला होता.

पण म्हणून गणन सोडू नका. तुमचा लॅपटॉप म्हणजे गणन नव्हे. मेंदू लॅपटॉपसारखा नाही आणि मेंदू काहीच गणन करत नाही, ही दोन वेगळी विधानं आहेत.

---

नदीकाठ | ६ ऑगस्ट, सकाळी १०:२०

कपाटाच्या मुद्द्यावर घरची गोष्ट.

माझ्या मावशीला पानशेतचा पूर आठवतो. १२ जुलै १९६१, पुण्यात पाणी शिरलं तो दिवस. वाड्याच्या गच्चीवरून तिनं पाणी चढताना पाहिलं, कुणाचं तरी पितळी घंगाळ वाहत गेलं, शेजारच्या काकू ओरडत होत्या, असं सगळं ती सांगते. सांगताना तिचे हात थरथरतात. दोन वर्षांपूर्वी आजोबांची जुनी पत्रं सापडली. मावशी त्या आठवड्यात सातारला होती, तिथून तिला चार दिवस घरची खबर नव्हती. घंगाळ आईनं पाहिलं होतं, मावशीनं नाही.

मावशी खोटं बोलत नाही. पत्र दाखवल्यावर ती गप्प बसली आणि म्हणाली, "पण मला पाणी दिसतंय ना गं." तिनं ती आठवण ऐकून ऐकून, सांगून सांगून घडवली. बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३२ सालीच लिहून ठेवलंय की आठवणं म्हणजे काढून दाखवणं नसून पुन्हा रचणं असतं. फाइल उघडली म्हणून बदलत नाही. आठवण उघडली की बदलते. २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात हे पेशींच्या पातळीवर दिसलं. जुनी, पक्की झालेली भीतीची आठवण जागी करून त्याच वेळी प्रथिनं बनणं रोखलं, तर ती भीती पुसट होते. जागी न करता तेच औषध दिलं तर काही होत नाही.

---

अनुस्वार | ६ ऑगस्ट, रात्री ८:४०

मी बंगळुरूला पीएचडी करतेय, विषय याच्या जवळचा. कोरा_कागद सर म्हणतात तसं, प्रश्न 'कुठला संगणक' हा आहे. एक वेगळा नमुना सांगते, कारण तो वाचताना मला आरतीच आठवली.

१९८२ मध्ये जॉन हॉपफील्ड या भौतिकशास्त्रज्ञानं एक जाळं मांडलं. (२०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं.) त्यात कपाट नाही, पत्ते नाहीत. सगळ्या गाठी एकमेकींना जोडलेल्या, आणि आठवणी जोडण्यांच्या कमीजास्त ताकदीत एकत्र मुरलेल्या. अमुक जोडणीत अमुक आठवण असं बोट दाखवता येत नाही. आठवण काढायची तर तिचा एक तुकडा द्यायचा. जाळं घरंगळत जवळच्या खळग्यात जाऊन थांबतं आणि पूर्ण आकृती उभी राहते. पावसाचं पाणी उतारानं जातं तसं. आणि दोन आठवणी फार सारख्या असतील तर ते कधी कधी शेजारच्या खळग्यात पडतं. चष्मा, चमचा.

मी असं म्हणत नाही की बाबांच्या डोक्यात हॉपफील्डचं जाळं आहे. ते खेळण्यातलं मॉडेल आहे. पण 'स्वारगेट' म्हटलं की 'कात्रज' का येतं आणि एकटं 'वाई' का येत नाही, याचा विचार करायला ते हार्ड डिस्कपेक्षा आणि कॅसेटपेक्षा बरंच बरं आहे. काही जोडण्या गेल्या तर कॅसेट तुटते. जाळं तुटत नाही, विरळ होतं. इशारा मोठा लागतो.

---

उंबरठा | ६ ऑगस्ट, रात्री ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. "इशारा मोठा लागतो" हे मी आईला वाचून दाखवलं.

शंका आहे. डॉक्टरांनी एमआरआयवर काळा डाग दाखवला आणि म्हणाले, भाषा इथे असते. मग ती जागा गेली म्हणजे तिथे ठेवलेलं गेलं, असंच ना? शब्दवेलताईंनी ब्रोकांचं सांगितलं, तेही हेच.

---

अनुस्वार | ७ ऑगस्ट, सकाळी ९:१०

नाही, आणि याला एक सुंदर प्रयोग आहे. २०१७ मध्ये योनास आणि कॉर्डिंग या दोन संशोधकांनी उलट परीक्षा घेतली. ज्याचं सगळं कळलेलं आहे असं यंत्र घेतलं, ६५०२ ही जुनी चिप, ३५१० ट्रान्झिस्टरची (ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचं बारीक बटण). तिची नक्कल संगणकात चालवली, तिच्यावर डाँकी काँगसारखे जुने व्हिडिओ गेम लावले आणि मेंदूवाले करतात तसं केलं. एकेक ट्रान्झिस्टर बंद करायचा आणि काय बंद पडतं ते बघायचं. काही ट्रान्झिस्टर असे निघाले की ते गेले तर एकच गेम बंद पडतो, बाकीचे चालतात. म्हणजे तो काय डाँकी काँगचा ट्रान्झिस्टर झाला? नाही. तो बेरजेसारखं काहीतरी साधं काम करत असणार, त्या गेमला ते लागतं, एवढंच.

कात्रजचा बोगदा बंद झाला आणि वाईची गाडी आली नाही, म्हणून वाई कात्रजच्या बोगद्यात आहे असं होत नाही.

---

शब्दवेल | ७ ऑगस्ट, सकाळी ११:००

बोगद्याचं उदाहरण मी आता पालकसभेसारख्या आमच्या कुटुंबसभेत वापरणार, परवानगी गृहीत धरते.

त्यात एक भर. बोगदा बंद पडला की लोक खंबाटकीच्या जुन्या घाटासारख्या जुन्या वाटा शोधतात. स्ट्रोकमध्ये मेलेल्या पेशी परत येत नाहीत. सुधारणा होते ती शेजारचे भाग, कधी उजव्या बाजूचेही, काम उचलतात म्हणून. आणि ते सरावानं होतं. इथे संगणकाची भाषा मला अगदीच अपुरी वाटते. प्रोग्राम हजार वेळा चालवला म्हणून चिपमधल्या तारा बदलत नाहीत. इथे बोलणंच वाट पाडतं.

---

पाठशाळा | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२५

आपल्या दर्शनांत मनाला यंत्रासारखं पाहणं नवं नाही. न्यायदर्शनात मन अणू मानलंय, कारण दोन ज्ञानं एकाच क्षणी उपजत नाहीत. रस्ता अरुंद म्हणून एकामागून एक. सांख्यांनी तर मन, बुद्धी, अहंकार हे सगळं जड प्रकृतीत टाकलं आणि चैतन्य फक्त पुरुषाचं, म्हणजे नुसत्या पाहणाऱ्या आत्म्याचं, ठेवलं. त्या हिशेबानं मनाचं काम एखाद्या यंत्रानं केलं तर सांख्याला नवल वाटायचं कारण नाही. 'चमचा' म्हटल्यावर आतून जो 'हे नव्हे' म्हणतो, तो मात्र यंत्राबाहेरचा साक्षी.

---

कोरा_कागद | ७ ऑगस्ट, रात्री १०:००

पाठशाळा, न्यायाचा दाखला फार आवडला. साक्षीवर मात्र माझा मतभेद. स्वतःची चूक ओळखणं हे काम आहे, आणि स्ट्रोकनंतर काही जणांचं तेही जातं, आपण भलतंच बोलतोय हे त्यांना कळत नाही. जे इजेनं जातं ते यंत्राबाहेर आहे असं कसं म्हणायचं? ओळखणं एक आणि ओळखल्यावर डोळ्यांत पाणी येणं दुसरं. त्या दुसऱ्यापुढे माझी सगळी विद्या थांबते, हे मी मान्य करतो.

---

पाठशाळा | ७ ऑगस्ट, रात्री १०:४०

सांख्य ओळखणं बुद्धीकडेच देईल, तेव्हा माझं वाक्य सैल होतं. दुसऱ्याबद्दल आपण दोघं एकाच ठिकाणी उभे आहोत.

---

उंबरठा | २९ ऑगस्ट, रात्री १०:५५

मधे लिहिता आलं नाही. तीन आठवडे रोज संध्याकाळी आम्ही थांब्यांचा सराव करतोय. शब्दवेलताईंनी खाजगी निरोपातून सांगितलं तसं, डाव्या हातानं टेबलावर ताल. पहिला आठवडा सगळं स्वारगेटपासून. दुसऱ्या आठवड्यात मी "शिरवळ" म्हणायचो आणि थांबायचो, ते पुढे न्यायचे. टीव्ही बंद. आईनं वीस सेकंद थांबायला शिकलं, माझ्यापेक्षा ती चांगली थांबते.

हार्ड डिस्कचं बोलणं घरात बंद झालंय. कुणी ठरवून बंद केलं नाही.

आज आत्याचा फोन होता. स्पीकरवर ती म्हणाली, "दादा, मी कुठून बोलतेय?" बाबांनी डावा हात टेबलावर ठेवला. आम्ही दोघं गप्प. मी मनात मोजत होतो, चौदापर्यंत आलो होतो.

बाबा म्हणाले, "सुरूर, वाई."

सुरूरपासून निघाले. स्वारगेटपासून नाही.